भाराचे स्थान

वैशेषिक दर्शनाच्या पाचव्या अध्यायात कर्माचे, म्हणजे त्या दर्शनाच्या परिभाषेत गतीचे, विवेचन आरंभताना महर्षी कणादांनी रथाचे चाक घेतले नाही किंवा आकाशातले ग्रहगोलही घेतले नाहीत. त्यांनी प्रथम माणसाचा हात घेतला आणि त्या हातापाठोपाठ त्यातले मुसळ घेतले. आत्म्याचा संयोग आणि प्रयत्न यांच्यामुळे हात उचलला जातो. हाताच्या संयोगामुळे मुसळ उचलले जाते. मुसळ उखळात आदळून जे उसळी घेते त्या उसळीला मात्र प्रयत्न हे कारण नसून अभिघात हे कारण आहे. आणि त्या उसळीबरोबर हातही जो किंचित वर ओढला जातो, त्यातही कर्त्याची इच्छा गुंतलेली नसते. धरून ठेवणारा संयोग सुटला की वस्तू गुरुत्वाने खाली येते. प्रयत्न हा आत्म्याचा गुण, गुरुत्व हा पृथ्वी आणि जल या द्रव्यांचा गुण. मोक्षाचे प्रतिपादन करू पाहणाऱ्या एका दर्शनकाराला कांडणाच्या क्रियेकडे इतके निरखून पाहावेसे वाटले, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. कारण एका साध्या घरकामात माणसाचे स्वतःचे किती आणि जडाचे किती, याची इतकी काटेकोर वाटणी आपल्या धर्मचिंतनात फार थोड्या ठिकाणी आढळते.

या वाटणीतून जो प्रश्न निघतो तो केवळ पदार्थविज्ञानाचा नाही. माणूस राबतो, थकतो, आणि त्या थकव्याला आपण 'कष्ट' असे एकच नाव देऊन मोकळे होतो. परंतु त्या कष्टात प्रयत्नाचा अंश कोणता, भाराचा अंश कोणता, आणि भार चुकीच्या जागी ठेवल्यामुळे निष्कारण वाढलेला अंश कोणता, हे वेगळे काढल्याशिवाय त्या कष्टाची जबाबदारी कोणाची हे ठरवता येत नाही. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे कापसाच्या एका हंगामावर घरादाराचा जमाखर्च लागतो आणि शेतातले पुष्कळसे काम अजूनही हातांनीच होते, तिथे हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून उठून थेट बांधावर येऊन उभा राहतो.

मुसळाच्या दृष्टान्ताला एक मर्यादा आहे. मुसळ मध्यावर धरतात, तिथे ते मुठीपुरते बारीक केलेले असते. खालच्या टोकाला लोखंडी कडे असते. आणि त्याची सारी गती उभी, वर आणि खाली, अशी असते. भोके खणताना वापरायची सब्बल हीही याच जातीची. लोखंडाचे मुसळच म्हणा ना. अशा उभ्या हत्याराचा भार टोकाला आहे की मध्यात आहे याने उचलणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. जितके वजन तितका प्रयत्न, असा सरळ हिशेब लागतो, आणि खाली येताना गुरुत्व आपले काम आपणच करते. भार किती, एवढाच प्रश्न मुसळापाशी उरतो. भार कोठे, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. तो उद्भवतो कुऱ्हाडीपाशी.

पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणी या बाजूच्या सागवानी मुलखात ज्याने कोणा जुन्या, मुरलेल्या गोंड किंवा कोलाम माणसाला लाकूड फोडताना पाहिले असेल, त्याने एक गोष्ट अवश्य लक्षात घेतली असेल. त्याचा डावा हात दांड्याच्या शेवटाशी घट्ट रोवलेला असतो. उजवा हात मात्र फिरता असतो. कुऱ्हाड वर नेताना उजवा हात पात्याच्या अगदी जवळ जातो. डोक्यावरून ती खाली येऊ लागली की तोच हात दांड्यावरून घसरत घसरत डाव्या हाताला येऊन मिळतो. दांडा बहुधा धावड्याचा असतो, कारण ते लाकूड चिवट आणि धक्का सोसणारे. वर्षानुवर्षांच्या या घसरण्याने तो असा गुळगुळीत झालेला असतो की त्यावर हात ठेवला तर लाकूड नव्हे, झिजलेले शिंग हाती लागल्यासारखे वाटावे. ही हालचाल त्याला कोणी शिकवलेली नसते, आणि विचारले तर त्याचे कारणही तो शब्दांत सांगणार नाही; परंतु तिच्यात जो विचार आहे तो एखाद्या सूत्राइतका नेमका आहे.

समजा, पाते दीड किलोग्रॅमचे आहे आणि दांडा ८० सेंटीमीटर लांब आहे. शेवटाशी धरून कुऱ्हाड आडवी उचलली तर पात्याचा भार हातापासून ८० सेंटीमीटरवर लोंबतो. हात पात्यापासून १६ सेंटीमीटरवर नेला तर मनगटाला पडणारा पीळ एकपंचमांश होतो. फिरवण्याचा प्रश्न तर याहून तीव्र आहे, कारण फिरण्याला वस्तूकडून होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. पाचपट अंतरावरचे तेच पाते फिरवण्यास पंचवीसपट जड जाते. वर नेताना म्हणून हात जवळ, आणि घाव घालताना, जेव्हा पात्याला वेग हवा असतो तेव्हा, हात दूर. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६७३ साली पॅरिस येथे प्रसिद्ध केलेल्या लोलकाच्या घड्याळाविषयीच्या ग्रंथात झुलणाऱ्या वस्तूंचे जे गणित मांडले, त्यातूनच पुढे हेही स्पष्ट झाले की प्रत्येक लांब हत्यारावर असा एक बिंदू असतो की घाव तिथे बसला तर धरलेल्या हाताला हिसका बसत नाही. सर्वत्र सारख्या जाडीची काठी टोकाशी धरली तर हा बिंदू तिच्या लांबीच्या दोनतृतीयांशावर येतो. कुऱ्हाडीत बहुतेक भार पात्याशी एकवटलेला असल्यामुळे तो पात्याजवळ सरकतो, आणि म्हणूनच नीट बसवलेली कुऱ्हाड घाव घालताना हाताला झिणझिण्या आणीत नाही, तर वाकडी बसवलेली, पाचर ढिली झालेली कुऱ्हाड संध्याकाळपर्यंत कोपर सुजवते.

पण या सगळ्यात मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती बाब वेगळीच आहे. पाते जमिनीवरून डोक्यावर नेले की शास्त्राच्या हिशेबी झालेले कार्य दोन्ही रीतींनी सारखेच भरते. वजन तेच, उंची तीच. ओंडका फुटतो तोही सारखाच फुटतो. फरक पडतो तो फक्त राबणाऱ्याच्या खांद्यात, मनगटात आणि कमरेत. फळ आणि कष्ट यांची खाती अशी संपूर्णपणे वेगळी आहेत. फळाकडे पाहून कष्टाचा अदमास करता येत नाही, आणि आपली मजुरी तर नेहमी फळाच्याच मापाने दिली जाते. वेचणीच्या दिवसांत कापूस काट्यावर तोलला जातो, पण तो भरलेला ओटा दिवसभर बाईच्या अंगावर कोठे लोंबत होता याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

यावर एक आक्षेप धर्माच्याच बाजूने येतो, आणि तो हलका नाही. कष्ट हे तप आहे, त्याने देहाची शुद्धी होते, म्हणून भार हलका करण्याच्या युक्त्या शोधणे म्हणजे तपातून पळवाट काढणे होय, असे म्हणणारे लोक आपल्यात होते आणि आहेत. या आक्षेपाला उत्तर द्यावे असे दोन माणसांचे आचरण याच परिसरातून मला आठवते. वणी येथे १८८० साली जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला, म्हणजे सरकारच्या राखीव रानात शिरून विळ्याने गवत कापले. विळा तो केवढा, आणि गवताची पेंढी ती केवढी. त्या क्रियेत स्नायूंना पडलेला भार एखाद्या गवत कापणाऱ्या बाईच्या रोजच्या भाराच्या शतांशही नसेल. तरीही त्या कृतीत जो प्रयत्न होता तो साऱ्या सरकारी अंमलाविरुद्ध उभा राहिलेला होता. प्रयत्न हा आत्म्याचा गुण आहे असे वैशेषिक म्हणतात त्याचा अर्थ अशा वेळी उलगडतो: तो हत्याराच्या वजनावर मोजता येत नाही, आणि म्हणून हत्याराचे वजन वाढवल्याने तो वाढतही नाही.

दुसरे उदाहरण वर्धा नदीच्या पलीकडचे, पवनारचे. विनोबांनी १९५० च्या सुमारास तिथे बैलाविना, केवळ माणसाच्या हातांनी आणि कुदळीने करायच्या ऋषिशेतीचा प्रयोग आरंभला. त्याआधीची कित्येक वर्षे त्यांनी सूतकताईला दिली होती. स्वेच्छेने कष्ट पत्करणारा याहून कडक माणूस सापडणे अवघड. तरी टकलीवर कातताना तिची गती, आसन, हात यांचे प्रयोग त्यांनी सातत्याने केले, आणि त्यात तपाचा भंग होतो असे त्यांना कधी वाटले नाही. टकली हे तर भाराच्या स्थानाचे एक सुरेख उदाहरण आहे. तिची सळई हलकी असते आणि सारा भार खालच्या पितळी चकतीत, आसापासून दूर, पसरलेला असतो. म्हणून एकदा गिरकी दिली की ती पुष्कळ वेळ फिरत राहते. जो विरोध कुऱ्हाड उचलणाऱ्याला छळतो, तोच इथे कातणाऱ्याची चाकरी करतो. तेव्हा भार दूर असणे हे स्वतः वाईटही नाही आणि चांगलेही नाही. कोणत्या क्रियेत, कोणत्या क्षणी, कोणाच्या हातापासून तो दूर आहे, यावर सारे अवलंबून आहे. तपस्व्याचा भार त्याने स्वतः निवडलेला असतो आणि कोठे धरायचा हेही तोच ठरवतो. मजुराच्या माथी मारलेल्या भाराला तपाचे नाव देणे हा त्या शब्दाचा गैरवापर आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळ्या प्रकारची करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. या यादीतील 'करण' म्हणजे इंद्रिये, असे आचार्य म्हणतात. श्रोत्रादी इंद्रिये, मन आणि बुद्धी मिळून त्यांनी बारा करणे मोजली आहेत, आणि त्या अर्थाला बाधा आणण्याचा माझा अधिकार नाही. परंतु करण या कल्पनेचा खल करताना आपल्या नैयायिकांनी पिढ्यान्‌पिढ्या जे उदाहरण वापरले ते कुऱ्हाडीचे आहे: छेदनाच्या क्रियेत कुऱ्हाड हे करण आणि लाकडाशी होणारा तिचा संयोग हा व्यापार. हातापर्यंत येऊन थांबणारा करणाचा अर्थ दांड्यावरून पात्यापर्यंत नेणे म्हणूनच शास्त्राला सोडून होणार नाही. आणि तो तसा नेला की गीतेच्या त्या यादीतील एक गोष्ट डोळ्यांत भरते: करण तिसरे आहे, दैव पाचवे आहे, आणि दोन्ही स्वतंत्र मोजलेली आहेत. आपल्या रोजच्या बोलण्यात मात्र आपण तिसऱ्याला ओलांडून एकदम पाचव्यावर जातो. 'नशिबातच कष्ट लिहिले आहेत' असे जेव्हा निंदणाला जाणारी बाई म्हणते आणि ऐकणारे मान डोलावतात, तेव्हा तिच्या हातातल्या हत्याराकडे कोणीही पाहिलेले नसते.

ते हत्यार आता पाहावे. निंदणाचे खुरपे वीतभर लांबीचे, हलके, भार सारा मुठीलगत. आतापर्यंतच्या हिशेबाने ते निर्दोष ठरावे. पण त्याचा दांडा आखूड असल्यामुळे जमिनीपर्यंतची उरलेली लांबी कोठून तरी भरून काढावी लागते, आणि ती भरून काढते बाईची पाठ. पऱ्हाटीच्या दोन तासांमधून ती कमरेत वाकून किंवा उकिडवी बसून सरकत जाते, ओली काळी माती पायाला आणि पात्याला चिकटत असते, आणि तिचा देह हेच त्या खुरप्याचे लांब हत्यार झालेले असते. कमरेच्या वरचे शरीर हे एकूण वजनाच्या निम्म्याहून अधिक. वाकल्यावर ते सारे वजन कमरेपासून पुढे लोंबते, आणि त्याला सावरणारे मणक्यालगतचे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटर अंतरावरून ओढत असतात. लोंबणारा भार ३० सेंटीमीटर पुढे असेल तर त्या स्नायूंना त्याच्या सहापट जोर लावून धरावे लागते, आणि तेही घाव घालण्यापुरते क्षणभर नव्हे, तर सकाळपासून दिवस कलेपर्यंत. हलके हत्यार म्हणून ज्याची आपण गणना केली ते असे सर्वांत जड निघते. फक्त त्याचा भार लोखंडात नाही, माणसात आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या मजुरांच्या हाती, असेच आखूड दांड्याचे खुरपे कित्येक वर्षे दिले जात होते. मळेवाल्यांचे म्हणणे असे की आखूड हत्याराने काम अधिक काळजीपूर्वक होते. मजुरांचे म्हणणे असे की कोण वाकला आहे आणि कोण उभा राहिला आहे हे मुकादमाला दुरूनच दिसावे, हीच त्यातली सोय. प्रकरण न्यायालयात गेले, पाठीच्या मणक्यांविषयी वैद्यांच्या साक्षी झाल्या, आणि १९७५ साली तेथील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते हत्यार बंद झाले. मजुरांचे दैव पालटले नाही. दांडा तेवढा लांब झाला. मला या निकालात एक धार्मिक आशय दिसतो, कारण पाचव्या कारणाच्या खात्यावर चढवलेली एक रक्कम तिथे तिसऱ्याच्या खात्यावर रीतसर वर्ग करण्यात आली.

आपल्याकडे अशी रक्कम वर्ग करण्याची वेळ फार क्रूर रीतीने आली. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले, आणि शासनाला चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले. फवारणीच्या पंपाचा भार पाठीशी, अंगालगत असतो, ते योग्यच आहे. पण त्या वर्षी कपाशी माणसाच्या खांद्यापर्यंत आणि काही ठिकाणी डोक्यापर्यंत वाढली होती, त्यामुळे हातातली नळी समोर खाली न धरता वर उचलावी लागत होती, आणि उडालेले विष अंगावर, तोंडावर परत येत होते. इथे अंतर हा शत्रू नव्हता, अंतर हेच संरक्षण होते, आणि तेच नळीला पुरेसे नव्हते. विषाची तीव्रता, मिश्रण, अंगावर संरक्षक कपडे नसणे, ही कारणेही होतीच. त्यांतले प्रत्येक कारण मोजता येण्याजोगे, बदलता येण्याजोगे होते. ज्या घरातला माणूस गेला त्या घराने दैवाचे नाव घ्यावे, त्यांना तो आधार आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. पण ज्यांनी पंप बनवला, विकला, वापरण्याची तजवीज केली त्यांनी दैवाचे नाव घेणे हा मी अधर्म मानतो.

कर्मसिद्धान्ताचा कट्टर अनुयायी इथे म्हणेल की त्या माणसाच्या हाती तेच हत्यार, त्याच दिवशी येणे हेही त्याच्या पूर्वकर्माचे फळ. हे म्हणणे घटकाभर मान्य करू. तरी आपल्या दर्शनकारांनी दोन दोष कटाक्षाने टाळायला सांगितले आहेत: केलेल्याचे फळ बुडणे आणि न केलेल्याचे फळ पदरी पडणे, कृतहानी आणि अकृताभ्यागम. भोगणाऱ्याचे भोग त्याच्या पूर्वकर्माने आले असे म्हणून पहिल्या माणसाचा हिशेब कदाचित जुळेल, पण ज्याने वाकडा दांडा बसवला, ज्याने आखूड खुरपे हाती दिले, त्याने या जन्मी केलेल्या कर्माचे काय? ते बुडाले असे मानले तर कृतहानीचा दोष येतो. मेलेल्याच्या प्रारब्धाकडे बोट दाखवून मारणाऱ्याची सुटका कोणत्याही धर्मशास्त्राने केलेली नाही, आणि हत्याराच्या बाबतीत तो न्याय बदलावा असे काहीही कारण मला दिसत नाही. सुतार, लोहार, कारखानदार, मालक, मजुरी ठरवणारा, या सर्वांची कर्मे त्या दांड्यात शिरलेली आहेत. अलीकडे बाजारात पोकळ लोखंडी नळीचे दांडे मिळतात; सारे एकाच लांबीचे, मग घेणारा सहा फुटांचा असो की घेणारी पाच फुटांचीही नसो. गावच्या सुताराकडून दांडा घेताना तो आधी माणसाची उंची डोळ्यांनी मोजायचा आणि मग लाकडाला हात घालायचा. ही वहिवाट मोडताना आपण काय गमावतो आहोत याचा कोणी विचार केला असे वाटत नाही.

आपल्या आचारधर्माला हे सारे परके आहे असेही नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाडात खांदशेकणी होते: ज्या खांद्यावर वर्षभर जू बसले तोच खांदा लोणी-हळदीने चोळून शेकला जातो, पाठ नव्हे, पाय नव्हे, नेमका तो खांदा, म्हणजे भार कोठे पडतो हे त्या विधीला पक्के ठाऊक आहे. दसऱ्याला अवजारे धुऊन त्यांना हळदकुंकू वाहण्याची चालही आहे. बैलाचा खांदा आणि लोखंडाचे पाते यांच्यामध्ये जो एक देह राबतो, त्याच्या कमरेसाठी आणि मनगटासाठी आपल्या पंचांगात अजून असा दिवस ठेवलेला नाही. तो ठेवायचा झाला तर लोणी-हळद पुरणार नाही. त्या दिवशी घरातली सारी हत्यारे बाहेर काढून, ज्याच्या-तिच्या हाती देऊन, दांडे मापाचे आहेत की नाहीत हे पाहावे लागेल आणि नसलेले बदलावे लागतील, आणि मालकाच्या घरची हत्यारेही त्यातून वगळता येणार नाहीत.